लाडाकोडातला ‘कोड’ आणि तळहातावरचा फोड

एका इंग्रजी कादंबरीचं भाषांतर करणाऱ्या बाई ‘मॉलिकॉडल’ या शब्दापाशी अडल्या आहेत. कादंबरीत एका आजीने आपल्या नातवाला ‘मॉलिकॉडल’ केलं आहे. त्यांनी तीन गोष्टी विचारल्या आहेत. फार जपून, फार लाड करून माणसाला नाजूक करून ठेवणे, या अर्थाचा मराठीत एखादा शब्द आहे का? ‘लाडाकोडात वाढवणे’ चालेल का? आणि त्या लाडाकोडातला ‘कोड’ म्हणजे काय, अंगावर पांढरे डाग उठतात त्या कोडाशी त्याचा काही संबंध आहे का?

शेवटच्या प्रश्नापासून सुरू करतो, कारण तिथे उत्तर सरळ आहे. काडीचाही संबंध नाही. डागांचं कोड हे संस्कृत ‘कुष्ठ’पासून निघालेलं. प्राकृतात त्याचं ‘कुट्ठ’, ‘कोढ’ झालं आणि मराठीने शेवटचा हकार गाळून ‘कोड’ केलं. ‘हत्थ’चा ‘हात’ झाला, त्यातही असाच हकार गळाला आहे. (शब्द कुष्ठावरून आला म्हणून आजारही कुष्ठरोगाच्या घरचा, असं अजून काही जण धरून चालतात. कोडात फक्त त्वचेचा रंग जातो, ते एकाचं दुसऱ्याला होत नाही. शब्दाच्या कुळावरून रोगाचं कूळ ठरवू नये.)

लाडाकोडातलं कोड वेगळ्या वाटेने आलं, आणि त्या वाटेवरचा एक थांबा आपल्याला नीट दिसतो. बाराव्या शतकात गुजरातेत, सिद्धराज जयसिंहाच्या आश्रयाला असलेल्या हेमचंद्राने ‘सिद्धहेमशब्दानुशासन’ हे व्याकरण लिहिलं. त्याचा आठवा अध्याय प्राकृताचा, आणि त्या अध्यायाचा शेवटचा भाग अपभ्रंशाचा, म्हणजे प्राकृत आणि आजच्या भाषा यांच्या मधल्या टप्प्यावरच्या भाषेचा. तिथे एका सूत्राखाली तो शब्दांची यादी देतो: या संस्कृत शब्दाच्या जागी अपभ्रंशात हा शब्द येतो. ‘आत्मीय’च्या जागी ‘अप्पण’, ‘अस्पृश्यसंसर्ग’च्या जागी ‘विट्टाल’, आणि ‘कौतुकस्य कोड्डः’. आपण, विटाळ, कोड हे तिन्ही शब्द मराठी वाचकाला आपल्याच घरातले वाटतील.

हेमचंद्र नुसती यादी देऊन थांबत नाही, उदाहरणाला दोहे देतो. कोड्डच्या उदाहरणात एक हत्ती आहे. तो इतर झाडांवर सोंड टाकतो ती ‘कोड्डेण’, म्हणजे गंमत म्हणून, सहज हौसेने. खरं विचाराल तर त्याचं मन एकट्या सल्लकीवर, आपल्या सालईच्या झाडावर जडलेलं असतं. मूळ शब्द ‘कोड्डेण घल्लइ हत्थु’ असे आहेत. ‘घल्लइ’ म्हणजे घालतो आणि ‘हत्थु’ म्हणजे हात, हे मराठी माणसाला वेगळं सांगावं लागत नाही. हत्तीच्या सोंडेला हात म्हणायची रीत संस्कृतातली. ‘हस्ती’ हे नावच त्यावरून पडलं.

इथे एक गल्लत होते. कोड हा ‘कौतुक’ झिजून झालेला शब्द, असं पुष्कळदा सांगितलं जातं. ते पटण्यासारखं नाही. ‘कौतुक’ प्राकृतात झिजलं की मधला त आणि शेवटचा क गळून ‘कोउअ’ होतं, आणि ते रूप प्राकृत ग्रंथांत मिळतंही. त्यातून जोड ‘ड्ड’ कुठून उगवणार? हेमचंद्र ‘कौतुक’च्या जागी ‘कोड्ड’ येतो म्हणतो, तेव्हा तो अर्थाची अदलाबदल सांगतो आहे, वंशावळ नाही. म्हणजे कोड हा देशी शब्द: लोकांच्या तोंडात आधीपासून असलेला आणि संस्कृताच्या कुठल्याही धातूला सरळ न जोडता येणारा. ‘कोडकौतुक’ या जोडशब्दात मग देशी आणि संस्कृत असे दोन समानार्थी शब्द शेजारी बसले आहेत. कागदपत्र, धनदौलत, बाजारहाट यांत वेगवेगळ्या घरचे शब्द असेच बसलेले दिसतात.

अर्थाची मात्र एक पायरी ओलांडली गेली. हेमचंद्राचं कोड्ड म्हणजे कुतूहल, हौस. मराठीत ‘कोड पुरवणे’ म्हणजे दुसऱ्याची हौस पुरवणे. गुजरातीत ‘कोड’ आजही मनातली इच्छा, उमेद या अर्थाने चालतो आणि ‘लाडकोड’ही चालतो. मराठीत मात्र एकटा कोड जवळपास संपला आहे. ‘त्याचं सगळं कोड पुरवलं’ असं (नपुंसकलिंगी, हेही लक्षात असू द्या) जुन्या वळणाचं बोलणारी माणसं म्हणतील. विशीतल्या मुलाच्या तोंडी फक्त ‘कोडकौतुक’ आणि ‘लाडाकोडात’ उरले आहेत.

आता लाड. पाणिनीय धातुपाठात, म्हणजे संस्कृत क्रियापदांच्या मुळांच्या गणवार (गटवार) यादीत, ‘लड्’ दोनदा येतो. पहिल्या गणात त्याचा अर्थ ‘विलास’, खेळणं-बागडणं. दहाव्या गणात ‘उपसेवा’, म्हणजे कुणाची सरबराई करणं, जपणूक करणं. मूल बागडतंय आणि कुणीतरी त्याच्या दिमतीला उभं आहे, हे लाडाचं सगळं चित्र या दोन अर्थांत येऊन जातं. ड आणि ल यांत भेद मानू नये असं संस्कृत परंपरा म्हणते, त्यामुळे ‘लल्’ हा धातू याच्या अगदी शेजारचा, आणि लालन, ललित, ‘लालनपालन’ हे त्याचं गोत.

मराठीत दोन स्वरांमधला एकटा ड बहुधा ळ होतो: गुडचा गूळ, षोडशचे सोळा, तडागचं तळं. त्या चालीने लड्-लल् यांचं अस्सल मराठी रूप ‘लळा’. आज लळा म्हणजे माया, ओढ. कुत्र्याचा लळा लागतो, शेजारच्या पोरीचा लळा लागतो. जुन्या मराठीत मात्र लळे ‘पाळले’ जात, आणि ‘लळे पाळणे’ म्हणजे सरळसरळ आजचं ‘लाड पुरवणे’. शके १२१२मधल्या, म्हणजे इ. स. १२९०च्या ज्ञानेश्वरीत बाराव्या अध्यायाच्या सुरुवातीला गुरूच्या कृपादृष्टीला आई मानून केलेलं स्तवन आहे. त्यात ‘योगसुखाचे सोहळे । सेवकां तुझेनि स्नेहाळे । सोऽहंसिद्धीचे लळे । पाळिसी तूं’ अशी ओवी येते. पुढच्याच ओवीत ही आई साधकाला मांडीवर ‘वाढविसी कौतुकीं’, आणि हृदयाकाशाच्या पाळण्यात निजवते; त्यापुढे बाळलेणी आहेत, खेळणी आहेत. लळे, कौतुक, पाळणा, बाळलेणी: लाडाकोडाचा सगळा सरंजाम तिथे आहे, आणि बिघडण्याची शंकासुद्धा कुणाला शिवलेली नाही.

माझ्या मते सगळ्या उत्तराची किल्ली इथे आहे. लाड, लळा, कोड, कौतुक हे चारही शब्द मुळात निर्दोष आहेत. ‘लाडका’ म्हणताना आपण कुणाला नावं ठेवत नसतो. २०२४मध्ये महाराष्ट्र सरकारने महिलांसाठी योजना काढली तेव्हा तिच्या नावात ‘लाडकी बहीण’ असं बेधडक घातलं, त्याआधी मध्य प्रदेशात ‘लाडली बहना’ आलीच होती. शब्दाला दोषाचा वास असता तर तो सरकारी योजनेच्या नावात बसला नसता. लाडाकोडात वाढलेली मुलगी लग्नाच्या बोलणीत कौतुकाने सांगितली जाते. म्हणून ‘मॉलिकॉडल’साठी ‘लाडाकोडात वाढवणे’ चालणार नाही. मूळ लेखक आजीला टोमणा मारत असेल आणि मराठी वाचक मात्र आजीला हात जोडेल.

(आडनावातला ‘लाड’ यात धरू नका. तो ‘लाट’ या जुन्या प्रदेशनामावरून आला असं मानतात. लाट म्हणजे दक्षिण गुजरातचा मुलूख. ट-चा ड होणं मराठीत रोजचंच, वटाचा वड होतो तसं.)

मग मराठीत दोष दाखवायचा कसा? दोन-तीन वाटा आहेत आणि त्यांचा स्वभाव वेगवेगळा आहे.

एक, लाडाला विशेषण जोडायचं. ‘फाजील लाड’. फाजील हा अरबी शब्द, उरलेलं, जास्तीचं या अर्थाचा, आणि हिशेबात जादा रकमेसाठी तो वापरला जात असे. (अरबीत याच शब्दाचा दुसरा अर्थ विद्वान, गुणवान असा होतो. मराठीत तो अर्थ पार बुडाला आणि उलट ‘फाजीलपणा’ हा आगाऊपणा झाला.) ‘फाजील लाड’मध्ये लाड वाईट नाहीत, मापाबाहेर गेलेले वाईट, हा हिशेबी सूर आजही ऐकू येतो.

दुसरी वाट क्रियापदाची, आणि इथे मराठीने मोठी गंमत केली आहे. ‘लाडावणे’ घ्या. सुखावणे, दुखावणे, सोकावणे यांच्या पंगतीतलं क्रियापद. ‘पोर लाडावलंय’ असं आपण म्हणतो. कर्ता कोण? पोर. ज्यांनी लाड केले ते वाक्यात कुठेच नाहीत. ‘आजीने पोराला लाडावलं’ हे कानाला खटकतं. आजीला वाक्यात आणायचं तर ‘आजीने लाडावून ठेवलं’ असं ‘ठेवणे’ मदतीला घ्यावं लागतं. ‘शेफारणे’चंही तेच: पोर शेफारतं, आपलं आपण. ‘डोक्यावर बसतं’, ‘चढून बसतं’ तेही तेच. मराठी बोलणारा समाज लाड करणाऱ्याला व्याकरणातच सोडून देतो आणि खापर लाड करून घेणाऱ्यावर फोडतो. ‘लाडोबा’ ही तर शुद्ध थट्टा. विठोबा, खंडोबा यांच्या ओळीतला ओबा लावून पोराला देव्हाऱ्यात बसवायचं आणि त्याच दमात त्याची खिल्ली उडवायची.

‘चोचले’ जरा वेगळे. त्यांत नखऱ्याचा, चोखंदळपणाचा भाग जास्त. जिभेचे चोचले माणूस स्वतःचे स्वतःच पुरवतो, त्याला आजी लागत नाही. आणि ‘लाडीगोडी’ तर उलट्या दिशेने चालते: ज्याला काही हवं असतं तो समोरच्याला लाडीगोडी लावतो. भाषांतरात हे दोन्ही शब्द घाईने वापरलेले मी पाहिले आहेत, आणि दोन्ही वेळा वाक्याचा अर्थ दुसरीकडेच गेला होता. ‘गोंजारणे’ आणि ‘कुरवाळणे’ हे हाताने करायचे लाड. अलीकडे मतपेढ्या कुरवाळल्या जातात, जुनी दुःखं कुरवाळली जातात. माणसं फारशी कुरवाळलेली वाचायला मिळत नाहीत.

लिहिताना कामी येईल असा एक बारकावा: ‘लाड’ हा शब्द कर्ता किंवा कर्म म्हणून आला की बहुधा अनेकवचनी येतो. लाड केले, लाड झाले, लाड पुरवले. ‘त्याचा लाड केला’ हे बोलीत ऐकू येतं, पण लेखनात कमीच. विभक्ती लागली की मात्र तो मुकाट्याने एकवचनी होतो: लाडाने, लाडात, लाडाचा. डोहाळे, चोचले, नखरे, हाल हे शब्दही असेच घोळक्याने फिरतात.

इथवर सगळं ‘देण्या’चं झालं. पुरवणं, भरवणं, हट्ट मान्य करणं. विचारलेल्या शब्दात दुसरी एक बाजू आहे, अडवण्याची. ऊन लागेल, पाऊस लागेल, पडेल, थकेल, कुणी बोलेल, म्हणून जगापासून आडोशाला ठेवणं. मराठीत ही बाजू लाडाच्या घरात राहतच नाही. ती ‘जपणे’ या क्रियापदाच्या आश्रयाला आहे. वारा लागू न देणे, जमिनीला पाय लागू न देणे, पदराखाली ठेवणे, फुलासारखं जपणे, जिवापाड जपणे. आणि या सगळ्यांचा राजा म्हणजे तळहातावरच्या फोडाप्रमाणे जपणे.

हा वाक्प्रचार आपण इतका वापरतो की त्यातलं चित्र डोळ्यांपुढे येतच नाही. ते एकदा आणून पाहा. फोड पाठीवर किंवा पोटरीवर असता तर माणूस कामाला लागला असता. तळहातावरचा फोड मात्र असा की त्या हाताने काही धरता येत नाही. मूठ मिटता येत नाही. पाण्याचा तांब्या उचलायचा तरी दुसरा हात. दार लोटायचं तर कोपराने. झोपेतसुद्धा हात उताणा ठेवायचा. फोड इवलासा, पण त्याच्यापायी अख्खा हात बिनकामाचा, आणि हाताच्या मालकाचं लक्ष दिवसभर त्या एका जागी. जो जपला जातो त्याच्याइतकाच जपणाराही यात अडकलेला आहे. ज्या कुणी हे पहिल्यांदा म्हटलं, त्याने कौतुक करताना एक बारीक काटा आत ठेवून दिला आहे. आज वापरताना तो काटा टोचत नाही, ‘तळहातावरच्या फोडासारखं जपलं हो तिने पोराला’ हे भरल्या गळ्यानेच म्हटलं जातं. पण हाताशी असलेल्या मजकुरात तो काटा पुन्हा जागा करता येतो; त्यासाठी पुढे एखादं वाक्य जोडलं की पुरे.

‘पाठीशी घालणे’ मात्र इथे नको. त्यात चूक केलेल्याला वाचवणं आहे. मॉलिकॉडल झालेल्या बिचाऱ्याने बहुतेक वेळा काही केलेलंच नसतं.

मूळ इंग्रजी शब्दाकडेही एक नजर टाकू, कारण त्यातला टोमणा कुठे आहे ते कळल्याशिवाय मराठी वाक्य बेतता येत नाही. मॉली हे मेरी या नावाचं लाडकं रूप, आणि बायकी समजल्या जाणाऱ्या पुरुषाला हिणवायला ते वापरलं जाई. कॉडल म्हणजे मंद आचेवर, उकळी न येऊ देता हळुवार शिजवणं, आणि त्यावरून आजाऱ्यासारखं जपणं. एकोणिसाव्या शतकात हे दोन जुळून आधी नाम झालं: ‘मॉलिकॉडल’ म्हणजे असा नाजूक बाप्या. क्रियापद त्यावरून निघालं. म्हणजे खोच अशी, की बाईसारखं वागवून पुरुष मऊ केला. ही खोच मराठीत आणायला ‘बायल्या’ हा शब्द तयार आहे, पण तो शिवी म्हणूनच ऐकू येतो, आणि आजच्या इंग्रजी वाचकाला मॉलिकॉडलमध्ये तेवढी शिवी जाणवत नाही. त्याला फक्त अति जपणं आणि त्याची थोडी चेष्टा जाणवते. तेव्हा ती वाट सोडून द्यावी, हे माझं मत.

मानसशास्त्राच्या लेखांत ‘अतिसंरक्षण’, ‘अतिसंरक्षक पालक’ असे शब्द दिसतात. पाठ्यपुस्तकात ठीक. कादंबरीतल्या आजीला ‘अतिसंरक्षक’ म्हटलं की ती एकदम किल्लेदार वाटायला लागते.

संस्कृत सुभाषितांनी मात्र लाडाला सरळ आरोपीच्या पिंजऱ्यात उभं केलं होतं, हे नोंदवायला हवं. चाणक्याच्या नावावर चालणारी ‘लालने बहवो दोषाः’ आणि ‘लालयेत् पञ्च वर्षाणि’ ही वचनं शाळेत बहुतेकांनी ऐकलेली असतात. दोन्हींच्या पोटात ‘ताडन’ आहे. लालन आणि ताडन यांचं यमक जुळलं म्हणून शिक्षणशास्त्र जुळलं असं होत नाही, पण ती तक्रार वेगळी. आपल्या कामाचा मुद्दा एवढाच, की लाडामुळे बिघडण्याची कल्पना आपल्याकडे जुनीच आहे; मराठीने तिच्यासाठी स्वतंत्र शब्द न घडवता ‘फाजील’, ‘ठेवणे’, ‘शेफारणे’ अशा जोडण्यांवर काम भागवलं.

कोशात काय मिळेल तेही सांगून ठेवतो. मोल्सवर्थचा कोश (१८३१, आणि वाढवलेली दुसरी आवृत्ती १८५७) आजही अशा घरगुती शब्दांसाठी पहिल्यांदा उघडावा असा, कारण त्यात बोलण्यातली उपयोजनं भरपूर आहेत. व्युत्पत्तीसाठी कृ. पां. कुलकर्णींचा ‘मराठी व्युत्पत्तिकोश’ (१९४६). पण कोश शब्दाला शब्द देतो. वाक्यातला कर्ता बदलून देत नाही, आणि इथे खरी अडचण कर्त्याचीच आहे.

म्हणून मी असं करेन. आधी मूळ वाक्यात आजी काय करते ते पाहायचं. ती हट्ट पुरवत असेल, ताटातलं नको ते काढून देत असेल, रागावणाऱ्या आईला गप्प करत असेल, तर ‘लाडावून ठेवलं होतं’ किंवा ‘फाजील लाड केले होते’. ती त्याला पावसात जाऊ देत नसेल, शिंक आली की शाळा बुडवायला लावत असेल, तर ‘जपणे’. आणि जपण्याला दोष लावायचा तर विशेषण शोधत बसू नये, परिणाम सांगावा. मराठीत ‘इतकं… की’ ही रचना हे काम फार चोख करते.

बाईंनी पाठवलेल्या वाक्यात आजीने नातवाला ‘मॉलिकॉडल’ केलं आहे, आणि पुढे तो पंचविशीतही ढग दिसला की घराबाहेर पडत नाही असं आहे. तिथे माझं वाक्य असं होईल: ‘आजीने त्याला इतकं जपलं, इतकं जपलं, की पंचविशी आली तरी आभाळ भरलं की तो उंबऱ्याच्या आत.’ त्यात लाड शब्द नाही, कोड नाही, फोडही नाही. तळहाताचा फोड आणायचाच असेल तर तो याच्या आधीच्या परिच्छेदात, आजीच्या एखाद्या कौतुक करणाऱ्या शेजारणीच्या तोंडी घालावा.